मी जन्मलो तेव्हा आई जागी होती
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी 'यंदा एक संध्याकाळ तुम्ही बोला' असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात रेल्वे सुरक्षा हा विषय होता, हे मला ठाऊक आहे. मी सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला माणूस. रिले, केबल, पॉइंट मशीन हेच माझे जग. त्यामुळे मी ऑपरेशनच्या भुलीविषयी बोलणार म्हटल्यावर सचिवसाहेब जरा दचकले. 'अहो, आपल्याकडे सभागृहात डॉक्टर मंडळी बसलेली असतात,' असे त्यांनी हळूच सुचवलेही. बसलेली आहेतच, पुढच्या रांगेत मला दिसताहेत. चुकलो तर त्यांनी खुशाल कान धरावा. पण मी फार चुकेन असे वाटत नाही, कारण हा विषय मी परीक्षेसाठी वाचलेला नाही, गरज पडली म्हणून वाचला आहे. आणि ज्यांच्यामुळे वाचला त्या माझ्या मातोश्री दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. जे सांगतो ते त्यांना विचारून सांगतो.

विषय असा. पूर्ण भूल दिली आहे, ऑपरेशन चालू आहे, आणि मधेच जाग आली तर? डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, आवाज फुटत नाही, पण कानावर सगळे पडते आहे, कदाचित दुखतेही आहे. ही भीती पुष्कळांना असते. सांगितली तर लोक हसतात, म्हणून कोणी सांगत नाही. आमच्या घरात ही भीती चाळीस वर्षांहून अधिक काळ राहत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

२०२३च्या दिवाळीनंतर आईच्या पोटात दुखायला लागले. आधी सगळ्यांनी फराळावर ढकलले. मग सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे निघाले, एक-दोन नव्हे, पुष्कळ. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून काढू, दोन-तीन दिवसांत घरी. नाही काढले तर एखादा खडा नळीत अडकेल, कावीळ होईल, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतेल. आईने सगळे नीट ऐकून घेतले आणि घरी येऊन सांगितले, "मी करून घेणार नाही."

कारण विचारले की दर वेळी नवे. नातीची परीक्षा आहे. आता वय झाले, कशाला चिरफाड. पैसे कशाला घालवता. मी म्हटले, अगं, पैशांची काळजी तू करू नकोस. मग म्हणाली, थंडी आहे. जबलपूरची थंडी सरली तरी उत्तर तेच. दरम्यान दोनदा रात्री तिला कळ आली. दुसऱ्या वेळी मी रात्री दोन वाजता तिला स्कूटरवर मागे बसवून नेले, कारण गाडी काढायला धीर नव्हता. इंजेक्शन घेऊन परत आलो. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, मी चहा टाकला. तिथे तिने सांगितले.

माझा जन्म १९८०चा. पहिले बाळंतपण म्हणून आई माहेरी, खानदेशात गेली होती. गावाचे आणि दवाखान्याचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. कळा लांबल्या, बाळाचे ठोके मंद झाले, म्हणून घाईने सिझेरियन केले. आई म्हणाली, "सुई टोचली, झोप लागली. मग जाग आली. वाटलं, झालं सगळं. पण पोटात कोणीतरी दोन्ही हात घालून ओढत होतं. मला ओरडायचं होतं. तोंडच नव्हतं मला. अंगच नव्हतं. कोणी तरी बोललं, नाळ मानेला आहे, दोन वेढे. मग कोणीच काही बोललं नाही. तू रडला नाहीस. मी वाट बघत राहिले. किती वेळ, ते मला नाही सांगता येणार. मला वाटलं मूल गेलं, आणि मला इथे अशीच ठेवणार, हे कोणाला कळणारच नाही."

मग मी रडलो. त्यानंतरचे तिला आठवत नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने आजीला सांगितले. आजी म्हणाली, बाळंतिणीला असे भास होतात. मनगटाला काळा दोरा बांधला. वडिलांना सांगितले, ते म्हणाले, मूल सुखरूप आहे ना, मग विसर आता. तिने पुन्हा कोणाला सांगितले नाही. विसरली मात्र नाही. आमच्या घरी आईच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असतो. कडाक्याच्या थंडीतही ती तोंडावरून पांघरूण घेत नाही. उताणी कधी झोपत नाही. आम्ही भावंडे लहानपणापासून यावरून तिची थट्टा करत आलो. विजेच्या बिलावरून वडील करत.

आता माझी चूक सांगतो. हे सगळे ऐकून पंचेचाळिशीला टेकलेला हा मुलगा, चहाचा कप हातात धरून, काय म्हणाला असेल? "आई, स्वप्न पडलं असेल." आजीने काळा दोरा तरी बांधला होता.

ती काही बोलली नाही. उठून कप विसळून ठेवला आणि झोपायला गेली. मला झोप आली नाही. आठवडाभराने जुन्या कागदांचा पत्र्याचा डबा काढला. वडिलांनी त्यात रेशन कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे जपून ठेवले आहे. त्यात दवाखान्याचे पिवळे पडलेले कार्ड सापडले. इंग्रजीत तीन ओळी होत्या, त्यात बाळाच्या मानेभोवती नाळेचे दोन वेढे असल्याची नोंद होती. आईला इंग्रजी वाचता येत नाही. आता, यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळते. नंतर कोणी तरी तिला ते सांगितलेही असेल. पण आमच्या खात्यात एक शिस्त आहे. 'सिग्नल लाल दिसला' अशी कोणी खबर दिली, तर दिसला नसेलच असे धरून कोणी चालत नाही. आधी जाऊन बघतात. आईची खबर बघायला चव्वेचाळीस वर्षे कोणी गेले नव्हते. म्हणून मी वाचायला बसलो.

वाचताना पहिली गंमत ही कळली की पूर्वी लोकांची भीती नेमकी उलटी होती. आपण उठणारच नाही, ही. क्लोरोफॉर्मने धडधाकट माणसे टेबलावर दगावत, आणि का दगावतात यावर डॉक्टरांत कडाक्याचे वाद होते. त्यातला मोठा वाद आपल्या शेजारच्या हैदराबादेत झाला. निजामाचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे, भूल देताना श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीची फिकीर नको. त्यासाठी निजामाच्या पैशाने आयोग नेमले, दुसरा १८८९ साली, त्याकरिता लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. पुढे कळले की तो अपुरा होता, क्लोरोफॉर्म हृदयही थेट बंद पाडते. पण प्रश्न अगदी आमच्या धंद्यातला होता: कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा? त्या कामात रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई होत्या. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात. आपल्याकडे हे कोणाला माहीत नसते, म्हणून सांगून टाकले.

दुसरा प्रसंग पुण्याचा, तो तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. १२ जानेवारी १९२४च्या रात्री ससून रुग्णालयात महात्मा गांधींचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना तिथे हलवले होते. सर्जन कर्नल मॅडॉक, सरकारी इंग्रज अधिकारी. कैदी दगावला तर देश पेटेल, अशी वेळ. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून गांधीजींचे निवेदन लिहून घेतले, डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे अशा आशयाचे, आणि थरथरत्या हाताने त्यांनी त्यावर सही केली. मग क्लोरोफॉर्म दिला. आणि ऑपरेशन चालू असताना वीज गेली. बॅटरी धरली, तीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरे केले.

मला या प्रसंगात वेगळीच गोष्ट दिसते. खोलीत अंधार होता, पण रुग्णाची खबर मिळत होती. क्लोरोफॉर्म कमी पडला तर रुग्ण कण्हतो, हात मागे घेतो, श्वास बदलतो. कंदिलातही ते कळते. रुग्ण स्वतःच सिग्नल असतो. १८४६ साली बॉस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचे पहिले गाजलेले जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हाचा रुग्ण गिल्बर्ट अबॉट यानेही नंतर सांगितले होते की ऑपरेशन चालल्याचे कळत होते, पण वेदना झाल्या नाहीत. म्हणजे पहिल्याच दिवशी रुग्ण अर्धवट जागा होता, आणि ते त्याला सांगता आले.

हे बदलले १९४२ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत कॅनडातील मॉन्ट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथ या भूलतज्ज्ञाने ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरले. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणाला लावायचे विष. त्याने स्नायू सैल पडतात. सर्जनला पोट मऊ मिळते, भुलीचे औषध कमी लागते, आणि कमी लागले की जिवाचा धोका कमी. हे फार मोठे वरदान आहे, गैरसमज नको. आजचे पोटाचे, छातीचे कितीतरी ऑपरेशन या जातीच्या औषधांवाचून होऊच शकत नाही. रुग्णाचे श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून घशात नळी घालून यंत्राने श्वास देतात. पण हे औषध झोप आणत नाही. सुरुवातीला काही डॉक्टरांना वाटे की आणत असावे. तो वाद अमेरिकेतील डॉक्टर स्कॉट स्मिथ यांनी मिटवला. पूर्ण जागेपणी त्यांनी स्वतःला क्युरारे टोचून घेतले, बोटही हलेनासे होईपर्यंत. आजूबाजूचे सगळे ऐकू येत होते, सगळे जाणवत होते, सगळे लक्षात राहिले. १९४७ साली ते छापून आले.

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी एक दाखला. इंजिनात व्हीसीडी असते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: ड्रायव्हर जागा आहे का, हे विचारणारे यंत्र. मिनिटभर त्याने काहीच केले नाही, ना नॉच, ना हॉर्न, ना ब्रेक, तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरीही उत्तर आले नाही तर ब्रेक लागून गाडी थांबते. तिथे गप्प बसणे म्हणजे धोका. रुळांच्या सर्किटचेही तसेच. तार तुटो, बॅटरी जावो, रूळ तुटो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. आमच्याकडे निरोप न येणे याचा अर्थ 'ठीक आहे' असा कधीच घेत नाहीत. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र स्नायू सैल केलेला रुग्ण गाढ झोपलेला असो की टक्क जागा, बाहेरून दिसतो सारखाच. बटण दाबायचा हातच काढून घेतलेला. मी हे वाचले तेव्हा हातातला कागद खाली ठेवला. आई जे म्हणाली होती, 'मला अंगच नव्हतं', ते हे.

आणि कोणा एका डॉक्टरच्या लक्षात हे आले होते. स्कॉटलंडचे टन्स्टॉल. १९७७ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या तीन वर्षे आधी, त्यांनी एक साधी युक्ती छापली. स्नायू सैल करणारे औषध देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला रक्तदाबाचा पट्टा आवळून फुगवायचा. औषध त्या हातात उतरत नाही, हात हलता राहतो. मग कानाशी जाऊन सांगायचे, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काय हो, व्हीसीडी नाही तर दुसरे काय आहे हे? ही युक्ती त्यांनी सिझेरियनच्या बायकांसाठीच काढली होती. २०१७ साली अनेक देशांत मिळून २६० रुग्णांवर ती पुन्हा करून पाहिली, तेव्हा १२ जणांनी हात दाबून उत्तर दिले. घाबरू नका, अशा बहुतेकांना नंतर काहीही आठवत नाही, आणि त्या क्षणी त्यांना नेमके काय वाटत असते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण उत्तर येते, एवढे खरे.

सिझेरियनच का, हा प्रश्न माझ्या घरचा होता. त्याचेही उत्तर सापडले. त्या काळी सिझेरियन पूर्ण भूल देऊन करत. भुलीची औषधे वारेतून बाळाकडे जातात, बाळ सुस्त होते, रडत नाही. काही वायूंनी गर्भाशय सैल पडून रक्तस्राव वाढतो. म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत भूल मुद्दाम पातळ ठेवायची पद्धत होती, आणि स्नायू मात्र सैल केलेले. म्हणजे ती पातळ भूल माझ्यासाठी होती. मी रडावे म्हणून. त्या खानदेशातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी दोन जीव वाचवले, हाताशी असलेल्या साधनांत. माझी तक्रार फक्त नंतरच्या 'भास' या शब्दाबद्दल आहे, आणि त्यात मीही आलो. आज बहुतेक सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन होतात. आई जागी असते, दुखत नाही, आणि ती जागी आहे हे सर्वांना माहीत असते.

किती जणांना अशी जाग येते? याचे उत्तर कसे विचारता त्यावर आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांनी केलेली एक मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांनी आपणहून येऊन सांगितलेल्या तक्रारी मोजल्या, तर साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एक. स्नायू सैल करणारे औषध वापरले असेल तर ८,००० मागे एक, नसेल तर १,३६,००० मागे एक. आणि पूर्ण भुलीखालच्या सिझेरियनमध्ये सुमारे ६७० मागे एक. पण स्वीडनमध्ये जवळजवळ १२,००० रुग्णांना ऑपरेशननंतर एकेकाला गाठून मुद्दाम प्रश्न विचारले होते, ते २००० साली छापले गेले. तिथे प्रमाण हजारात एक-दोन निघाले. दोन्ही आकडे खरे असू शकतात. ट्रॅकवर चालत जाऊन बघितले तर जेवढे दोष सापडतात, तेवढे ऑफिसात तक्रारीची वाट बघून सापडत नाहीत, हे इथल्या कोणत्याही गँगमनला विचारा.

ब्रिटनच्या त्या पाहणीत दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या. बहुतेक प्रसंग ऐन कापाकापीत घडलेले नव्हते. भूल चढताना किंवा उतरताना घडलेले होते, आणि बरेचसे पाच मिनिटांच्या आतले होते. दुसरी गोष्ट, काही रुग्णांनी कित्येक वर्षांनी तोंड उघडले. एकाने तर ६२ वर्षांनी. वेदनेपेक्षा हलता न येण्याची दहशत लोकांच्या जास्त लक्षात राहिली होती. आणि ज्यांना 'तुम्ही म्हणता ते खरे आहे, असे होऊ शकते, ते यामुळे होते' असे कोणी वेळेवर समजावून सांगितले, त्यांना पुढे त्रास कमी झाला.

यंत्रांविषयी थोडेसे, कारण मला यंत्रांचा मोह आहे. कपाळाला पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरी मोजणारे एक यंत्र १९९०च्या दशकात आले. ते शून्य ते शंभर असा आकडा दाखवते, ४० ते ६० असला की भूल पुरेशी. २००४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी पुढाकार घेऊन अडीच हजारांच्या आसपास जोखमीच्या रुग्णांवर ते तपासले. यंत्र लावलेल्या गटात दोघांना जाग आली, न लावलेल्यांत अकरा जणांना. मी लगेच ठरवले, आईला हेच पाहिजे. पुढे वाचले तर २०११ सालची अमेरिकेतील मोठी चाचणी निघाली. तिथे एका गटाला हे यंत्र, आणि दुसऱ्या गटाला फक्त रुग्णाच्या उच्छ्वासातला भुलीचा वायू मोजून कमी पडला की वाजणारा भोंगा. भोंग्याच्या गटात दोघे, यंत्राच्या गटात सात. म्हणजे महागडे यंत्र साध्या भोंग्याहून सरस ठरले नाही. माझ्यातल्या जुन्या रिलेवाल्याला हे वाचून बरे वाटले, लपवत नाही. शिरेतूनच सगळी भूल दिली तर उच्छ्वासात मोजायला वायू नसतो, तिथे मात्र मेंदूच्या लहरींचे यंत्र कामाचे, हेही तितकेच खरे.

हे सगळे घेऊन मी इथल्या भूलतज्ज्ञांकडे गेलो. आपण जबलपूरकर त्यांना 'बेहोशीवाले डॉक्टर' म्हणतो, आणि ऑपरेशनच्या आधी त्यांचे तोंडही बघत नाही. सर्जन कोण हे गावभर विचारतो, भूल कोण देणार हे कोणी विचारत नाही. मला वाटले होते, हा इंजिनियर आपल्याला शिकवायला आला, असे म्हणून ते कटवतील. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारले, "अम्मा कहाँ हैं?"

दुसऱ्या दिवशी आईला नेले. वीस मिनिटे त्यांनी ऐकून घेतले. मधे एकदाही टोकले नाही. आई रडली. मग ते म्हणाले, "अम्मा, आप सच बोल रही हैं।" बस. एवढेच. चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य तिला कोणी म्हटले नव्हते. पुढचे त्यांनी मला समजावले. आधी एकदा असे झाले असेल तर पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून हे लपवू नये. रोजची दारू, झोपेच्या गोळ्या, दुखण्याची जबर औषधे, हेही लपवू नये, भुलीचा हिशेब चुकतो. बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल तर एकटे भेटून सांगा, असे त्यांनीच मला सांगितले. माझ्या काही सहकाऱ्यांनी हे वाक्य नीट ऐकावे. आईच्या केसपेपरवर त्यांनी लाल शाईने नोंद केली. वायूचा भोंगा चालू ठेवणार, स्नायूंवर औषध किती चढले आहे हे मनगटाशी विजेचा हलका झटका देऊन मोजणार, आणि गरजेपेक्षा जास्त देणार नाही. पूर्ण खात्री देता का, असे मी विचारले. "नहीं," ते म्हणाले. "ध्यान रखने की गारंटी देता हूँ।" मला हे उत्तर आवडले. शंभर टक्के म्हणणाऱ्या ठेकेदाराकडून मी केबलसुद्धा घेत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी दारापर्यंत गेलो. आईने माझ्याकडे पाहिले नाही, छताकडे बघत होती, उताणी. पुढे काय झाले ते मला दुसऱ्या दिवशी कळले. डॉक्टर सकाळी फेरीला आले, स्टूल ओढून बसले, आणि त्यांनी ठरावीक प्रश्न विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न १९७० सालापासून जगभर विचारतात, आमच्या तपासणीच्या फॉर्मसारखे. झोपण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते?

आई म्हणाली, "आपने हाथ पकड़ा था। ठंडा था।"

उठल्यावर पहिले काय?

"सिस्टर बोली, अम्मा, ज़ोर से साँस लो।"

"और बीच में, अम्मा?"

आईने डोळे मिटले. मी खिडकीशी उभा होतो. खाली रिक्षावाल्यांची कशावरून तरी हुज्जत चालली होती, ती सगळी ऐकू आली, एवढा वेळ तिने घेतला.

"बीच में कुछ नहीं।"

स्वप्न? नाही. सगळ्यात वाईट काय वाटले? तर आदल्या रात्रीपासून चहा मिळाला नाही ते.

डॉक्टर गेल्यावर तिने मला विचारले, "किती वाजता सुरू केलं होतं?" मी म्हटले, सव्वानऊला. "आणि संपलं?" साडेदहाला. तिने बोटांवर मोजले. "म्हणजे सव्वा तास मी कुठेच नव्हते," म्हणाली, आणि चहाचे कधी विचारतोस म्हणून मला बाहेर पिटाळले.

घरी आल्यावर खोलीतला दिवा तिने पुन्हा चालू ठेवला. अजूनही रात्रभर असतो. बिल मी भरतो, आता त्यावर कोणी काही बोलत नाही. आरतीची वेळ होत आली आहे, सचिवसाहेब घड्याळ दाखवताहेत.

गणपती बाप्पा मोरया!